डाउनरिगरची क्लिप सुटते, रॉड उसळतो, पण मासा लागत नाही: आधी रॉडचा वाक तपासा

कॅनडातल्या पोर्ट क्रेडिटच्या बंदरातून पहाटे साडेचारला निघालो की अर्ध्या-पाऊण तासात ओंटारियो सरोवराच्या खोल पाण्यात पोचतो. गोळा ६० फुटांवर सोडायचा, रॉड होल्डरमध्ये खोचायचा, मोटर मंद ठेवायची आणि रॉडच्या टोकाकडे डोळे लावून बसायचं. टोक दोनदा मान डोलावतं, क्लिप सुटते, रॉड वर उसळतो. धावत जाऊन रॉड हातात घ्यावा तर दोर ढिला. मासा गेलेला असतो.

एखादा मासा सुटणारच. पण दहा वेळा क्लिप सुटून सहा-सात वेळा हात रिकामे राहत असतील तर दोष नशिबाचा नाही, सामानात आहे. मी दोन मोसम हा दोष शोधत होतो. गळांना धार लावली, मग गळच बदलले. क्लिप घट्ट केली, सैल केली. हिरवा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष), निळा स्पून, चंदेरी स्पून, सगळं झालं. दोष निघाला रॉडमध्ये. दुकानातून ‘ट्रोलिंगचा रॉड’ म्हणून आणलेले ते दोन्ही रॉड सात फुटी, जाड आणि ताठ होते. हातात घेतले की मजबूत वाटायचे, आणि म्हणूनच मी ते घेतले होते. दर मे महिन्यात मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडचे दोघं-तिघं नवी बोट घेतात आणि जुलैत फोन करून हीच तक्रार सांगतात, म्हणून जे कळलं ते नीट लिहून ठेवतो.

ज्यांनी डाउनरिगर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीच्या कडेला रहाटासारखं एक चक्र असतं. त्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला १० ते १२ पौंडांचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळ एक क्लिप असते, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. आपला दोर त्या चिमट्यात धरायचा आणि गोळा खाली सोडायचा; गोळ्याबरोबर दोर खोल जातो, आमिष १५-२० फूट मागे पोहत राहतं. माशाने ओढ घेतली की दोर चिमट्यातून सुटतो. गोळा तारेलाच राहतो आणि आपल्या दोरावर फक्त मासा उरतो. उन्हाळ्यात या सरोवराचं वरचं पाणी तापतं आणि चिनूक सामन १० ते १४ अंशांच्या थंड पाण्याच्या थरात उतरतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डाउनरिगरवाचून फारसं चालत नाही.

आता क्लिप सुटते त्या क्षणी काय होतं ते पाहू. दोर रॉडच्या टोकापासून ६० फूट खाली क्लिपपर्यंत गेला आहे, तिथून २० फूट मागे आमिषापर्यंत. एकूण ८० फूट दोर पाण्यात. क्लिप सुटली की तो काटकोन मोडतो. टोकापासून माशापर्यंतचं सरळ अंतर किती? ६० चा वर्ग अधिक २० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ६३ फूट. म्हणजे एका क्षणात १७ फूट ढील तयार झाली. पाण्याच्या रेट्याने गोळा थोडा मागे जातो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरतो; दोराला पडलेला झोळ धरला तर पुन्हा वाढतो. ताशी अडीच मैलांच्या वेगाने जाणारी बोट सेकंदाला साडेतीन फुटांहून थोडी जास्त सरकते. नुसत्या बोटीच्या भरवशावर ही ढील संपायला चार-पाच सेकंद लागतील. तोंडात लोखंड टोचल्यावर मासा डोकं झटकत असतो आणि त्याला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

या चार-पाच सेकंदांतला पहिला क्षण रॉडने सांभाळायचा असतो. वाकवून ठेवलेला रॉड सरळ होताना जितका दोर वर खेचतो तितकी ढील त्याच क्षणी जाते आणि गळावरचा ताण टिकतो. उरलेलं काम बोट आणि रीलवरचा तुमचा हात करतात. रॉड वाकलेलाच नसेल तर तो वर काय खेचणार?

तुम्ही म्हणाल, मग रील फिरवून ताठ रॉड जास्त वाकवून ठेवू. मीही तेच करायचो आणि प्रत्येक वेळी क्लिप आपोआप सुटायची. ती का सुटते हे घरी, डेकवर कळलं.

मागच्या डेकच्या कठड्याला जुना होल्डर बोटीवरच्याच कोनात बांधला. भारतात जाताना बॅगा २३ किलोंच्या आत बसवायला आपण सगळे जो हातातला काटा वापरतो, तो घेतला. आधी क्लिप तपासली. चिमट्यात दोर धरून काट्याने सावकाश ओढला; चार-पाच वेळा करून पाहिलं, दर वेळी अडीच किलोंच्या आसपास सुटली. मग जुना रॉड होल्डरमध्ये खोचला, दोर कड्यांतून ओवून टोकातून खाली आणला, काट्याला बांधला आणि ओढत गेलो. एक किलोला टोक जरासं हललं. दोन किलोंना जेमतेम फूटभर खाली आलं. क्लिप अडीच किलोंना सुटते, लाटांच्या धक्क्यांसाठी थोडी जागा सोडावी लागते, म्हणजे दोन किलोंच्या पुढे मला जाताच येत नव्हतं. त्या रॉडच्या वाकात फूटभरच दोर साठत होता. आणखी वाकवायला गेलो की आधी क्लिप हार मानायची.

मग एका मित्राचा साडेआठ फुटी, मऊ वाकाचा रॉड आणून तोच प्रयोग केला. दीड किलोलाच वाक रॉडच्या मध्यापर्यंत उतरला. दोन किलोंना टोक चार फूट खाली आलं होतं आणि बुंधा अजून भक्कम होता. काटा हातातून सोडला तर दोर हवेत सपकन वर गेला. क्लिप तीच, ताण तोच, पण फूटभराच्या जागी चार फूट. त्याच संध्याकाळी मी दुसरे रॉड शोधायला लागलो.

हा हिशेब कळला की बाकीच्या तक्रारीही एकाच धाग्यात बसतात. वारा सुटला, लाटा आल्या की मासा नसताना क्लिप सुटत राहते? बोट वर उचलली जाते तेव्हा मऊ रॉड तो हिसका वाकून पचवतो. ताठ रॉड तो थेट क्लिपवर टाकतो. यावर उपाय म्हणून बहुतेक लोक क्लिप घट्ट करतात आणि तिथून दुसरी तक्रार जन्माला येते: लहान मासा लागतो पण क्लिप सुटत नाही, ताठ टोकावर त्याची हालचाल दिसत नाही आणि आपण त्याला तासभर फरफटवत नेतो. एका सकाळी मी दोर वर घेतला तर गळाला वीतभर रेनबो ट्राउट होता, कधीच मेलेला, डोळे पांढरे, तोंड पाण्याने फाटलेलं. परत सोडून द्यायचा मासा होता तो. ते दृश्य मला अजून आठवतं. क्लिप घट्ट करून रॉडचा दोष झाकू नका, असं मी कळकळीने सांगतो ते या माशामुळे.

रॉडवर खापर फोडण्याआधी दुसऱ्या तीन गोष्टी मात्र पाहून घ्या, कारण त्यांची लक्षणं वेगळी असतात. क्लिप सुटली पण रॉड उसळलाच नाही, नुसता सरळ झाला, तर गोळा खाली गेल्यावर तुम्ही दोर पुन्हा ताणून घेतलेला नाही. दोर तुटून आला आणि टोकाला डुकराच्या शेपटीसारखे वेढे दिसले तर गाठ सरकली आहे. मासा लागला, दोन सेकंद ओढला आणि गळ सरळ होऊन आला किंवा दोर तडकला, तर ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोर थोडा थोडा सोडणारा रीलचा ब्रेक, फार आवळलेला आहे. २० पौंडांच्या तंगुसाला (नायलॉनच्या एकेरी दोराला) ड्रॅग दोन किलोंच्या आसपास पुरे. काट्याने मोजूनच लावा, हाताला अंदाज येत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बदलल्याने फरक पडला ते कळणार नाही.

रॉड निवडताना सगळा घोळ दोन शब्दांचा असतो: पॉवर आणि ॲक्शन. दुकानातले लोकही ते एकमेकांच्या जागी वापरतात. रॉड वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर: लाइट, मीडियम, हेवी. रॉड कुठून वाकतो ती ॲक्शन: फास्ट म्हणजे फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट म्हणजे वाक मध्यापर्यंत उतरतो, स्लो म्हणजे जवळजवळ मुठीपर्यंत. मीडियम पॉवरचा रॉडही फास्ट ॲक्शनचा असू शकतो आणि तो डाउनरिगरला निरुपयोगी. तुम्हाला हवा आहे मीडियम किंवा मीडियम-लाइट पॉवर, मॉडरेट ॲक्शन, आणि बुंध्याजवळच्या लिखाणात दोराची क्षमता १० ते २० पौंडांच्या आसपास. बऱ्याच रॉडवर डाउनरिगर असं स्पष्ट छापलेलं असतं. ते पाहून घ्या, पण वाकवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

माझे काका रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर गरवायला न्यायचे, तेव्हा काठी निवडताना बेटातले आठ-दहा बांबू वाकवून बघायचे. शेंडा नरम, बुंधा कणखर, आणि वाकवून सोडला की डगडगत न राहता एकदम सरळ होणारा. जो नुसता शेंड्यालाच वाकतो तो ते बाजूला ठेवायचे. दुकानात रॉड बघताना मी तेच करतो, फक्त काटा आणि दोराचा तुकडा खिशात असतो. दोर कड्यांतून ओवून, टोकातून काढून काट्याला बांधायचा आणि दुकानदाराला मूठ धरायला सांगायची. दोन किलोंना रॉडचा वरचा अर्धा भाग कमानीसारखा वाकला पाहिजे. टोक हाताने धरून कधीच वाकवू नका. तसा नवा रॉडही मोडतो.

लांबी साडेआठ फूट ही या सरोवरावरच्या बहुतेक बोटींना सोयीची. लांब रॉड जास्त ढील खेचतो हे तर झालंच. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, जिथला चिनूक मुळात आहे, लोक साडेदहा फुटी, मऊ ‘मूचिंग’ रॉड डाउनरिगरवर लावतात आणि ते अर्धवर्तुळासारखे वाकवून ठेवतात. ते बघायला सुंदर दिसतं. पण त्यांची रीलही वेगळी, मुठीच्या एका फेऱ्याला चक्राचा एकच फेरा होणारी. मासा धावला की रीलची मूठ उलटी फिरते आणि बोटं सांभाळावी लागतात. छोट्या बोटीत, वर छप्पर असेल तर, साडेदहा फुटी रॉड घेऊन जाळ्यापर्यंत मासा आणणं अवघड जातं. छप्पर खाली असेल तर आठ फूट घ्या. सात फुटांवर मी पुन्हा जाणार नाही.

ग्रॅफाइट की फायबरग्लास? इथे विक्रेता तुम्हाला हलका, ‘संवेदनशील’ ग्रॅफाइट दाखवेल आणि तो महागही असेल. हातात धरून टाकायच्या रॉडला ती संवेदना लागते. डाउनरिगरचा रॉड दिवसभर होल्डरमध्ये असतो, त्याला तुमचा हात नव्हे, तुमचे डोळे वाचतात. त्यामुळे मऊ टोक हीच त्याची संवेदना. हलकेपणाचाही उपयोग नाही, वजन होल्डर उचलतो. फायबरग्लास किंवा दोन्हींच्या मिश्रणाचा रॉड घ्या. तो संथ वाकतो, बोटीवर आपटला तरी सहन करतो आणि स्वस्त पडतो. ग्रॅफाइटला गोळ्याचा एक टोला बसला की बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभराने मोठ्या माशावर तो त्याच जागी मोडतो.

मुठीकडे लोक बघतच नाहीत आणि नेमका तिथे मासा जातो. रीलच्या खाली फूट-सव्वा फूट दांडा हवा, नाहीतर रील होल्डरच्या काठावर अडते. दांड्याचा तळ गुळगुळीत हवा. माझ्या जुन्या रॉडला तळाशी जाड फोमची गाठ होती. मासा जोरात ओढत असताना रॉड होल्डरमध्ये असा रुतायचा की दोन्ही हातांनी पिळून काढावा लागायचा, आणि त्या झटापटीत दोर पुन्हा ढिला व्हायचा. नवा रॉड घेताना शक्य असेल तर स्वतःचा होल्डर दुकानात घेऊन जा आणि खोचून, तिरका ओढून बाहेर काढून बघा. रीलच्या खाली बोट अडकवायला ट्रिगर असेल तर ओल्या, गारठलेल्या हातातून रॉड गरगरत नाही.

कड्या मोजा. रील वर बसते, त्यामुळे कड्याही वरच्या बाजूला असतात आणि रॉड खोल वाकला की दोर दोन कड्यांच्या मधे रॉडच्या अंगाला घासू शकतो. साडेआठ फुटी रॉडला टोक धरून नऊ-दहा कड्या असाव्यात. काट्याने वाकवून धरलेला असतानाच बाजूने बघा. दोर कुठेही रॉडला टेकता कामा नये.

दोन तुकड्यांचा रॉड गाडीत मावतो आणि त्यात काही वाईट नाही. फक्त दिवसभर फ्लॅशर फिरत असेल तर जोड हळूहळू पिळतो आणि कड्या वाकड्या होतात. जोडाला मेणबत्ती घासून बसवायचा आणि अधूनमधून नजर टाकायची.

फ्लॅशरचा विषय आला म्हणून अपवादही सांगतो. फ्लॅशर ही पाण्यात गोल फिरणारी लांब पट्टी, मोठी ११ इंचांची, तिची स्वतःचीच ओढ बरीच असते. मीडियम-लाइट रॉड तिच्या मागे इतका वाकतो की उसळायला वाक उरतच नाही. त्या बाजूला मीडियम पॉवर ठेवा, ॲक्शन मॉडरेटच. स्पूनसाठी मात्र मीडियम-लाइटसारखा रॉड नाही. डायव्हर म्हणजे दोराला बांधायची, पाण्याच्या रेट्याने आमिष खोल नेणारी चकती. डायव्हरसाठी विकले जाणारे नऊ-दहा फुटी रॉड त्याच रांगेत टांगलेले असतात, दिसायला तसेच, पण ते मुद्दाम ताठ बनवलेले असतात कारण डायव्हरची ओढ मोठी असते. नवीन माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. आणि दोर ब्रेडचा (बारीक धाग्यांच्या विणीचा) असेल तर तो तंगुसासारखा ताणत नाही, शिवाय क्लिपमधून सरकतो. डाउनरिगरवर मी २० पौंडी तंगूसच वापरतो. ब्रेडच हवा असेल तर रॉड आणखी मऊ लागेल.

योग्य रॉड आणल्यावरही तो नीट वाकवून ठेवला नाही तर काहीच साधत नाही. गोळा खाली जाताना रील मोकळी सोडायची, टिकटिक चालू, अंगठा हलका टेकवलेला. खोलीवर पोचल्यावर रील लावायची, एका हाताने पहिल्या कडीखालचा दोर स्वतःकडे ओढायचा आणि दुसऱ्या हाताने तेवढाच गुंडाळायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा गुंडाळायचा. टोक पाण्याकडे झुकून रॉडची कमान झाली की थांबायचं. पाच मिनिटांनी परत या. तोवर दोराला झोळ पडलेला असतो आणि कमान उघडलेली असते; तेवढं पुन्हा घ्या. बोट वळवली की दर वेळी हे करा. कमानीचं टोक लाटेबरोबर लयीत खालीवर होत असतं. ती लय मोडली, टोक बारीक थरथरायला लागलं, तर क्लिप सुटलेली नसली तरी खाली कोणीतरी आहे. दोर झटक्याने सोडवा आणि वर घ्या. मोठा मासा लागून क्लिप सुटली तर रॉड उचलून झटका मारू नका, आधी रील फिरवत राहा, वजन हाताला लागेपर्यंत.

नवे रॉड महाग वाटत असतील तर ऑक्टोबरमध्ये, बोटी पाण्याबाहेर निघतात तेव्हा, जुने चांगले रॉड निम्म्या किमतीत मिळतात. घेण्याआधी प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. एखादा तंतू अडकला तर तिथे तडा आहे, आणि तो तडा तंगूस कापतो. कडी बदलून घ्यायची किंमत कमी करून मागा. मग नखाने रॉडच्या अंगावरून बुंध्यापासून टोकापर्यंत जा, विशेषतः टोकाच्या दोन फुटांत. नख अडलं तर तो रॉड ठेवून द्या. माझे दोन्ही जुने सात फुटी रॉड आता डायव्हरला लावले आहेत आणि तिथे त्यांचा ताठपणा चांगला कामाला येतो.